विंचू उतरला म्हणजे नक्की काय झालं?

या भागाचं रेकॉर्डिंग मी कशेडीला, आमच्या घराच्या पडवीत बसून केलंय. ऐकताना मागे कोंबडा, शेजारच्यांचा टीव्ही आणि मध्येच आजीचा खोकला असं सगळं आलंय. लिहून काढताना ते वगळलं, पण आजीची वाक्यं तिने जशी म्हटली तशीच ठेवलीत. कशेडी म्हटलं की बहुतेकांना घाट आठवतो. गणपतीला गावी जाताना पोलादपूर सुटलं की वळणं सुरू, आणि कुणीतरी पिशवी शोधायला लागतं. आता बोगदा झाल्यापासून लोक आमच्या खालून निघून जातात, त्यांना गाव दिसतही नाही. असो.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण राजा-महाराजांचा नाही. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आपला मेंदू कसा सांभाळतो, हे माणसाला कसं कळत गेलं, आणि त्या गोष्टीतलं एक महत्त्वाचं पान आमच्या महाड-पोलादपूरच्या मातीत कसं लिहिलं गेलं, याची ही गोष्ट. मी डॉक्टर नाही. लोणेरेला बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहितो. पण ही गोष्ट आमच्या घरातून जाते, म्हणून मला सांगावीशी वाटते.

सुरुवात १९७१ पासून करतो. माझ्या बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे थोरले काका, तेव्हा सात वर्षांचे होते. मी त्यांना काका म्हणतो खरा, पण ते सात वर्षांचेच राहिले. मे महिना होता. पावसाआधी गोठ्याच्या माळ्यावरचा पेंढा हलवायचं काम चाललं होतं. तिथे त्यांच्या पायाला विंचू चावला. लाल, लहानसा.

आजी सांगते, "पयल्यांदा लय वरडला. मंग भगताला आणला. त्यानं बांधलं, मंतर टाकला. घटकाभरानं पोरगा बोलला, आये, आता दुखत नाय. भगत बोलला, उतरला इंचू. आमी सगल्यांनी हात जोडले."

त्यानंतर त्यांना उलटी झाली. मग घाम. आजीच्या मते इतका घाम, की गोधडी पिळून काढावी. तोंडातून लाळ. हात-पाय गार, "बरफासारखे". मे महिन्यात, चुलीशेजारी, बर्फासारखे. पहाटे श्वास लागला, तोंडाला फेस आला. खाली पोलादपूरला न्यायला गाडी मिळेपर्यंत उजाडलं होतं, आणि तोवर न्यायचं कारण उरलं नव्हतं.

आमच्या भाषेत विंचू "चढतो" आणि "उतरतो". पायाला चावला, वेदना मांडीपर्यंत आली की चढला, परत खाली गेली की उतरला. म्हणजे दुखणं हाच मीटर. लहानपणापासून मी हे शब्द ऐकत आलोय आणि त्यात काही चुकीचं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. या मीटरमध्येच घोळ होता. तो कसा, हे कळायला आधी शरीरातलं वायरिंग बघायला लागेल.

एक साधी गोष्ट करून बघा. हात मनगटावर किंवा मानेच्या एका बाजूला हलकेच ठेवा, ठोका लागेल. (एकाच बाजूला, आणि दाबायचं नाही. का, ते पुढे सांगतो.) आता खाली मांडी घालून बसलेले असाल तर पटकन उभे राहा. काहींना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येईल, आणि दोन-तीन सेकंदांत जाईल. घड्याळात हार्ट रेट दिसत असेल तर तो वर उडी मारेल आणि परत खाली येईल.

त्या दोन-तीन सेकंदांत बरंच काही होऊन गेलं. उभं राहिल्याबरोबर अर्धा लीटरच्या आसपास रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. दाब पडतो. मानेतल्या मोठ्या रोहिणीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत, भिंतीचा ताण मोजणाऱ्या चेतांची टोकं बसलेली असतात. भिंत कमी ताणली गेली की ती टोकं गप्प होतात. ती शांतता मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात पोचते. दहावीच्या विज्ञानात तुम्ही आकृतीत नाव दिलेला तो भाग. तिथून दोन हुकूम सुटतात: ब्रेक सोडा, आणि ॲक्सिलरेटर द्या. ब्रेक म्हणजे व्हेगस नावाची चेता, परानुकंपी संस्थेची. ॲक्सिलरेटर म्हणजे अनुकंपी संस्था. ती हृदय जोरात पळवते आणि हातापायांच्या, पोटाच्या रक्तवाहिन्या आवळते. दाब पुन्हा जागेवर.

कॉलेजात कंट्रोल सिस्टिम्समध्ये माझा बॅकलॉग राहिला होता, तरीही मला हे बघून आनंद होतो. सेन्सर, कंट्रोलर, मोटर, आणि चुकीची सतत दुरुस्ती. आणि एक गंमत: हृदयाला कुठल्याच चेता नसत्या तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देत बसलं असतं. आपले निवांत बसल्यावर सत्तर असतात. म्हणजे आपण आराम करत असतो तेव्हा मेंदूचा पाय सारखा ब्रेकवर असतो.

हे कळायला युरोपात शंभर वर्षं लागली. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी दाखवलं की व्हेगसला विजेचा झटका दिला की हृदय मंदावतं, थांबतंसुद्धा. त्याआधी चेता म्हणजे काम करायला लावणारी तार, एवढंच लोकांना माहीत होतं. तार एखादं काम थांबवूही शकते, हा धक्का होता. १८६६ मध्ये लाइपझिगला लुडविग आणि सियॉन यांना छातीतली अशी एक चेता सापडली, जिचं मेंदूकडचं टोक चेतवलं की रक्तदाब घसरतो. म्हणजे ही तार हृदयाकडे जाणारी नाही, तिकडून मेंदूला खबर देणारी. पुढे १९२० च्या दशकात हेरिंगने मानेतला तो फाटा शोधला. मान दाबली की ठोके मंदावतात, हे डॉक्टर आधीपासून बघत होते, त्याचं कारण तिथे मिळालं. म्हणून मघाशी म्हटलं, दोन्ही बाजूंनी मान दाबू नका. मेंदूला वाटेल दाब फार वाढलाय, आणि तो ब्रेक कचकचून दाबेल.

आता परत घाटात येऊ.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले, हिंमतराव साळुबा बावस्कर. मूळचे जालन्याकडच्या देहेड गावचे, गरीब शेतकरी घरातले, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून शिकलेले. कोकण त्यांना नवं. इथे उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत त्यांच्याकडे विंचू चावलेली माणसं यायची, त्यांत बरीच लहान मुलं. आणि त्यातली काही डोळ्यांदेखत मरायची. डॉक्टरीच्या पुस्तकात यावर फारसं काही नव्हतं. १९६१ मध्ये मुंडले नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचूदंशाबद्दल लिहिलं होतं, पण उपाय हाती नव्हता. त्या काळात पश्चिम भारतात गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावायचे, बहुतेक फुप्फुसात पाणी भरून. काकांच्या तोंडाला आलेला फेस तो हाच.

बावस्करांनी काय केलं? मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की ते खाटेशेजारी बसून राहिले. रुग्ण आला तेव्हापासून रात्रभर नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचं तापमान, घाम, उलटी, सगळं वेळेसकट लिहीत गेले. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की पहिला प्रश्न असतो, लॉग कुठेत? विंचूदंशाचे लॉग कुणी नीट ठेवलेच नव्हते. मोठ्या हॉस्पिटलात रुग्ण पोचायचा तोवर गोष्ट शेवटाला आलेली असायची. सुरुवातीचे तास फक्त गावात दिसत होते, आणि गावात ते वाचू शकणारा माणूस बसलेला नव्हता.

त्या नोंदींतून एक क्रम दिसायला लागला. आधी उलटी, दरदरून घाम, लाळ, आणि पुरुषांत, लहान मुलग्यांतही, लिंगाला ताठरपणा. हे ऐकून हसू नका. या एका खुणेवरून, बोलताही न येणाऱ्या पोराला लाल विंचूच चावलाय आणि विष अंगात गेलंय हे कळू शकतं. मग हात-पाय गार. रक्तदाब चढलेला. ठोके आधी कधी मंद, मग वेगात. आणि त्यानंतर काही तासांनी श्वास लागणं. १९८२ मध्ये त्यांनी हे लान्सेटमध्ये छापलं. लान्सेट म्हणजे लंडनचं, डॉक्टरी जगातल्या सगळ्यात मानाच्या जर्नलांपैकी एक. त्यात महाड तालुक्यातल्या आरोग्य केंद्रातली निरीक्षणं.

आणि त्यात ती गोष्ट आहे जी वाचून मी रात्री झोपलो नाही. ज्यांना चावल्या जागी भयंकर दुखतं आणि बाकी काहीच होत नाही, ती माणसं बहुतेक सुखरूप राहतात. जीव धोक्यात असलेल्यांमध्ये दुखणं त्यामानाने कमी असतं, किंवा थोडा वेळ राहून ओसरतं. ती बरी व्हायला लागली की अंग गरम होतं, आणि चावलेली जागा पुन्हा दुखायला लागते.

म्हणजे आमचा मीटर उलटा लागलेला होता. "आये, आता दुखत नाय" हे वाक्य सुटकेचं नव्हतंच.

इथे भगताला शिव्या घालणं सोपं आहे, मी घालणार नाही. कोकणात काळा मोठा विंचूही असतो. तो चावला तर माणूस रात्रभर विव्हळतो, पण सहसा मरत नाही. लाल चावलेले सगळेही मरत नाहीत. त्यामुळे भगताने उतरवलेले दहातले बहुतेक विंचू खरोखरच "उतरायचे". त्याचा डेटा त्याच्या बाजूने होता! चुकलेल्या केसेस नशिबाच्या खात्यात जायच्या. शिवाय आमच्याकडे घाम ही खूण कुणाला माहीतच नव्हती असंही नाही. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडातसुद्धा चावल्यावर अंगाला घाम येतो. पाहिलं सगळ्यांनी होतं, मोजलं कुणी नव्हतं.

आता विष नक्की करतं काय, ते बघू. मघाची गाडी परत घ्या. समजा, कशेडी घाट उतरणारी एसटी आहे. ड्रायव्हर म्हणजे मेंदू. वेग वाढला की तो ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, ब्रेक लावतो. मानेतले सेन्सर म्हणजे त्याचं स्पीडोमीटर. या गाडीत ड्रायव्हर उत्तम आहे, शुद्धीत आहे, स्पीडोमीटर चालू आहे. बिघाड खाली, केबलमध्ये झालाय.

लाल विंचवाचं विष मेंदूत शिरून गोंधळ घालत नाही. ते बाहेर, चेतांच्या तंतूंवर आणि टोकांवर काम करतं. चेतेत संदेश जातो तो सोडियमच्या दारांतून. दार उघडतं, संदेश पुढे सरकतो, दार बंद होतं. विष या दारात पाय अडकवतं. दार बंदच होत नाही, आणि चेता हुकूम नसताना हुकूम देत राहते. आधी परानुकंपी टोकं पेटतात: उलटी, लाळ, घाम, मंद ठोके. मग अनुकंपी. चेतांच्या टोकांतून आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रिनलिन यांचा पूर येतो. डॉक्टर याला स्वायत्त संस्थेचं वादळ म्हणतात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून ते गार पडतात. सगळीकडचे नळ बंद आणि पंप जोरात, म्हणून दाब चढतो.

मेंदूला हे कळत असतं. मानेतून खबर जात असते, दाब फार वाढला. तो अनुकंपी हुकूम थांबवतो, व्हेगसचा ब्रेक दाबतो. पण केबल खालीच अडकलीय. ड्रायव्हरने पाय काढून काय होणार? डावं हृदय त्या आवळलेल्या नळांविरुद्ध रक्त ढकलत राहतं, थकतं, त्याच्या स्नायूलाही त्या रसायनांच्या पुराने इजा होते. मागे फुप्फुसात रक्त तुंबतं आणि त्यातलं पाणी झिरपून बाहेर येतं. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

एकदा असं बघितलं की तेव्हाच्या उपचारांतली चूकही दिसते. विंचूदंशाला ॲट्रोपिन द्यायची पद्धत होती. घाम येतोय, लाळ येतेय, ॲट्रोपिन ते थांबवतं, वरवर बरोबरच. पण ॲट्रोपिन व्हेगसचं काम बंद पाडतं. म्हणजे ॲक्सिलरेटर अडकलेल्या, घाट उतरणाऱ्या गाडीची ब्रेकची तार आपणच कापली. बावस्करांनी यावर पुढे स्वतंत्रपणे लिहिलं आणि ॲट्रोपिन टाळा म्हणून सांगत राहिले. मला यात कुणाचा हेतू वाईट दिसत नाही. लक्षण दिसलं, लक्षणावर औषध दिलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज हेच करतो, फक्त आमच्याकडे त्याने कुणी मरत नाही.

मग करायचं काय? ड्रायव्हरला काही करण्यासारखं नाही, केबल सोडवता येत नाही. राहिली चाकं. इंजिन आणि चाकांमधला संबंध तोडता आला तर?

बावस्कर मध्ये पुण्याला एमडी करायला गेले आणि परत याच भागात आले. हे परत येणं मला लान्सेटपेक्षा मोठं वाटतं. आमच्या बॅचमधून किती जण लोणेरेच्या आसपास राहिले, ते मी मोजलंय. पोलादपूर-महाडमध्ये त्यांनी आधी नायट्रोप्रुसाइडची सलाइन वापरली. हे औषध रक्तवाहिन्या थेट सैल करतं. फुप्फुसात पाणी झालेले रुग्ण त्याने वाचायला लागले. पण ते शिरेतून थेंब-थेंब द्यायचं, बाटली आणि नळी उजेडापासून झाकून ठेवायची, आणि सतत रक्तदाब बघत बसायचा. एकटा डॉक्टर आणि रात्रीत आलेले तीन रुग्ण, म्हटल्यावर ते कसं जमणार?

याचं उत्तर एका गोळीत होतं. प्राझोसिन. ही रक्तदाबाची गोळी, विंचवासाठी कुणी शोधलेली नव्हतीच. नॉरॲड्रिनलिन ही किल्ली धरली तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर तिची कुलपं असतात, अल्फा नावाची. प्राझोसिन त्या कुलपात जाऊन बसतं. बाहेर किल्ल्यांचा कितीही पूर येवो, वाहिनी आवळत नाही. नळ उघडतात, हृदयावरचा भार उतरतो, हात गरम होतात. गोळी स्वस्त आहे, पाण्याबरोबर देता येते, आणि खेड्यातल्या कुठल्याही केंद्रात ठेवता येते. १९८६ मध्ये हेही लान्सेटमध्ये आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्यासोबत होत्या, पुढचे कित्येक लेख दोघांच्या नावावर आहेत. शेकडा २५-३० चा आकडा एकच्या आसपास आला.

पुढे २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा आणखी एक अभ्यास आला. ७० रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि हाफकिनने बनवलेलं विंचवाचं प्रतिविष. दोन्ही मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले, नुसतं प्राझोसिन मिळालेले १७.७ तासांत. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं तुम्हाला फोनवर सापडेल, मी पटकन पुढे जातो, कारण मला २००९ बद्दल बोलायचंय.

२००९ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला विंचू चावला. ती सहा वर्षांची, मी बारा. अंगणाच्या गडग्यावरून उतरताना एक दगड हलला. थोडी रडली आणि गप्प झाली. मग उलटी. मग घाम. आजी तिथेच बसली होती. तिने तिचे हात धरले आणि ओरडली. मी आजीला एवढ्या मोठ्याने ओरडताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "गार पडले! गाडी काडा!" भगताचं नाव कुणी काढलं नाही. शेजारच्यांची जीप होती. घाटाची ती वळणं मी आईच्या शेजारी बसून मोजली होती, अजून आठवतात.

खाली दवाखान्यात (कुठल्या, ते महत्त्वाचं नाही) तिला गोळीचा लहानसा तुकडा दिला आणि सलाइन लावलं. आईने तिला मांडीवर घ्यायला हात पुढे केले, तर नर्स खेकसली. उचलायचं नाही! आडवीच राहू दे! आईने पुन्हा हात पुढे केले, नर्सने पुन्हा झिडकारलं. पोर आई-आई करतेय आणि आई हातभर अंतरावर उभी. आई ते विसरली नाही. पंधरा वर्षं झाली, विषय निघाला की ती म्हणते, जीव वाचवला त्यांनी, पण माणुसकी नव्हती.

या भागाची तयारी करताना मला कळलं, नर्स का खेकसली ते. सुरुवातीचा प्रयोग आठवा: उभं राहिलो, रक्त पायांकडे गेलं, मेंदूने वाहिन्या आवळल्या, दाब परत आला. प्राझोसिन घेतलेल्या माणसात, विशेषतः पहिल्या गोळीनंतर, हा आवळायचा हुकूम वाहिन्यांपर्यंत पोचतच नाही, कारण कुलपं भरलेली असतात. मेंदू ओरडून सांगतो, पण खाली कुणी ऐकत नाही. आडवं असेपर्यंत काही नाही. उभं केलं, खांद्यावर घेतलं, की दाब धाडकन खाली येऊ शकतो. आणि घाबरलेलं मूल दिसलं की आई पहिलं काय करते? उचलते. म्हणूनच मूल उचलू न देणं हा या उपचाराचा भाग आहे, उगाच केलेली दमदाटी नाही. नर्सने हे दोन वाक्यांत समजावलं असतं तर बरं झालं असतं, हे मात्र माझं मत आहे.

हे मी आईला पडवीतच सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी उचललं असतं तर?" मी म्हटलं, दाब पडला असता कदाचित. ती उठून आत गेली, चहा ठेवला.

बहीण दुसऱ्या दिवशी सकाळी पाय धरून रडायला लागली, दुखतंय म्हणून. आम्ही घाबरलो. डॉक्टर आले, तिचे तळहात चाचपले, आणि हसले. आम्हाला तेव्हा तो माणूस विचित्र वाटला होता.

ऐकणाऱ्यांपैकी जे आमच्यासारख्या भागात राहतात, त्यांच्यासाठी काही गोष्टी. विंचू चावल्यावर दुखणं थांबलं म्हणून निश्चिंत होऊ नका. घाम, उलटी, लाळ, गार हात-पाय यांपैकी काहीही दिसलं तर लगेच गाडी काढा, विशेषतः लहान मूल असेल तर. गोळी घरी आणून स्वतः देऊ नका. ती रक्तदाब पाडते, म्हणजे ती देताना रक्तदाब मोजणारा माणूस लागतो. आणि पेंढा, सरपण, जांभ्याचे सुटे दगड हलवताना आधी काठीने हलवा. हे शेवटचं आजीचं.

आजीला मी सगळी गोष्ट सांगितली. चेता, केबल, बिरवाडी, लंडनचं मासिक. तिने किती ऐकलं माहीत नाही, ती नाचणी पाखडत होती. "दुखत नाय" ही खूण उलटी होती, हे सांगावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला होता. शेवटी सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"त्या टायमाला ती गोली व्हती का रं?"

मी म्हटलं, नाही आजी. एकाहत्तर साल होतं. ते डॉक्टर बिरवाडीला आले शहात्तरला. आणि गोळी विंचवावर चालते हे सगळ्यांना कळलं ते शहाऐंशीला.

"म्हंजे खाली नेला असता तरी..."

तरी ॲट्रोपिनच दिलं असतं बहुतेक, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी नुसतं, "नाही आजी, तेव्हा कुणाकडेच नव्हती," एवढंच म्हटलं. तिने बोटांवर वर्षं मोजली, एकाहत्तर ते शहाऐंशी, दोनदा मोजली. मग सूप परत उचललं.